काय जमलं नाही तेही लिहा: गटाने ऑनलाइन कूटखेळ सोडवायची रीत

ऑनलाइन कूटखेळात गट अडकतो तेव्हा बहुतेक वेळा डोकं कमी पडलेलं नसतं, वही कमी पडलेली असते. पन्नासजण एकाच चित्राकडे टक लावून बसलेले असतात. त्यातल्या दहा-बाराजणांनी ते चित्र उलटं करून, रंग पालटून, मोठं करून पाहिलेलं असतं आणि काही निघालं नाही म्हणून ते गप्प बसलेले असतात. मग पुढचा येतो आणि पुन्हा उलटं करून बघतो.

मी पोटासाठी मुद्रितशोधन करते. दुसऱ्याच्या मजकुरातल्या चुका हुडकायच्या आणि हुडकलेली प्रत्येक चूक समासात नोंदवायची, एवढंच काम. त्यामुळे कुठल्याही गटात गेले की नोंदींचा तक्ता सांभाळणं आपसूक माझ्या गळ्यात पडतं. कोडी फोडणारे वेगळे, मी त्यांच्या मागून लिहीत जाते. पुढे जे सांगतेय ते त्या जागेवरून दिसलेलं आहे. म्हणून त्यात करामती कमी आणि कारकुनी जास्त आहे, आणि याबद्दल मला जराही संकोच नाही.

आधी खेळाची जात ओळखा

सगळे कूटखेळ एकाच पद्धतीने खेळता येत नाहीत. एक जात पायऱ्यांची: एक पान सोडवलं की पुढच्या पानाचा पत्ता किंवा पासवर्ड मिळतो. २००४ साली सुरू झालेला नॉटप्रॉन हा त्यातला नावाजलेला, त्याच्या १४० पायऱ्या आहेत. इथे घाई नसते आणि पलीकडे कुणी बसलेलंही नसतं. दुसरी जात स्पर्धेची. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातला मिस्टरी हंट १९८१पासून दर जानेवारीत होतो. जो गट जिंकेल त्याने पुढच्या वर्षीची कोडी रचायची अशी तिथली प्रथा आहे. अशा खेळात उत्तर टाकायची जागा असते, बरोबर की चूक ते लगेच कळतं. तिसरी जात सगळ्यात निसरडी, कारण ती खेळ असल्याचं कबूलच करत नाही. खोट्या कंपन्यांची संकेतस्थळं, पात्रांचे ईमेल, फोन. २००१मध्ये एका चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी रचलेला ‘द बीस्ट’ हा तिचा मूळपुरुष म्हणायला हरकत नाही. त्यासाठी जमलेल्या क्लाउडमेकर्स या गटात सात हजारांहून जास्त माणसं होती. तीन महिने पुरतील असा अंदाज बांधून केलेली कोडी या मंडळींनी एका दिवसात फस्त केली, असं रचनाकारांनीच पुढे सांगितलं.

जात ओळखायची ती एवढ्यासाठी की त्यावरून दोन गोष्टी ठरतात. अंदाज चुकला तर ते तुम्हाला कळणार आहे का? आणि रचणारा तुमचं बोलणं ऐकतोय का? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर पडताळणीची शिस्त तुम्हालाच लावावी लागेल. दुसऱ्याचं ‘हो’ असेल, तर तुम्ही एखादा मुद्दा सोडून देताय हे बघून तो नवा सुगावा टाकू शकतो, म्हणून ‘आम्ही इथे अडलोय’ हे उघड बोलण्यात फायदा असतो.

गप्पांची जागा आणि नोंदींची जागा वेगळी

डिस्कॉर्डवर असा, टेलिग्रामवर असा, कुठेही असा, बोलणं वाहून जातं. दुपारी कुणीतरी मोलाचं बोललेलं संध्याकाळी चारशे संदेशांखाली गाडलं जातं. म्हणून पहिल्याच दिवशी तीन जागा करा. एक गप्पांसाठी: तिथे काहीही बोला, वाट्टेल ते अंदाज मांडा. दुसरी फक्त पक्क्या गोष्टींसाठी, तिथे लिहायची मुभा चार-पाचजणांनाच. तिसरा तक्ता, म्हणजे सगळ्यांना उघडता येईल अशी गुगल शीट. कोड्यागणिक वेगळी चॅनेल काढायचा मोह होतो. खेळ खरोखर फुटून चार दिशांना गेल्याशिवाय तो आवरा, नाहीतर रिकाम्या खोल्यांची धर्मशाळा होते.

आता तक्ता. माझ्या तक्त्यात सहा रकाने असतात: वस्तू, काय दिसलं, काय करून पाहिलं, कोणत्या साधनाने, काय निघालं, कोणी. यातला ‘काय निघालं’ हा रकाना लोक रिकामा सोडतात, आणि नेमका तोच मला भरलेला हवा असतो. ‘काही नाही’ हे उत्तर आहे. मात्र ते नुसतं ‘काही नाही’ असं लिहून चालत नाही. ‘ध्वनिफीत तपासली, काही नाही’ ही नोंद निरुपयोगी आहे. ‘ध्वनिफीत ऑडॅसिटीत उघडली, वर्णपट रेखीय मापात ० ते २२ किलोहर्ट्झ पाहिला, अक्षरं किंवा आकृती नाही, डावा-उजवा चॅनेल वेगळा करून ऐकला नाही’ ही नोंद सोन्यासारखी (ऑडॅसिटी हे ध्वनिफिती तपासायचं साधन, वर्णपट म्हणजे आवाजाचं चित्र). शेवटच्या तुकड्यामुळे पुढच्या माणसाला काय करायचं ते न विचारता कळतं.

‘बाद’ हा शब्द मी तक्त्यात जपून वापरते. बाद म्हणजे कारणासकट बाद. कारण नसेल तर ‘तूर्त बाजूला’ असं लिहा. दोन आठवड्यांनी अडकल्यावर लोक याच ‘तूर्त बाजूला’ ओळी उपसायला येतात.

कोणत्या वेळी कोण जागं असतं याचाही हिशेब ठेवा. मंडळी वेगवेगळ्या देशांत असतील तर कुणाची रात्र ती कुणाची सकाळ. जो उठून जातोय त्याने जाताना चार ओळी टाकाव्यात: काय पक्कं झालं, हातात काय होतं, कशावर शंका आहे, पुढे काय बघावं. मी हे सक्तीने करून घेते. सुरुवातीला मंडळी कुरकुरतात, मग सकाळी उठल्यावर तेच विचारतात की कालच्या चार ओळी कुठायत.

मूळ वस्तू मुळासकट घ्या

हे छोटं आहे, पण यावरून गट आठवडाभर भरकटलेले मी पाहिले आहेत. कोड्यातलं चित्र कुणीतरी मोबाइलवर स्क्रीनशॉट काढून टाकतं आणि सगळे त्या स्क्रीनशॉटवर काम सुरू करतात. स्क्रीनशॉटमध्ये मूळ फाइलमध्ये दडवलेलं काहीच उरलेलं नसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्रही दाबलं जातं आणि त्यातली कॅमेरा, तारीख, टिपणं वगैरे माहिती पुसली जाते. तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर जशीच्या तशी जाते. त्यामुळे मूळ ठिकाणाहून उतरवलेली फाइल एका सामाईक फोल्डरमध्ये ठेवा, तिला हात लावू नका, आणि तिचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेली आणि फाइल जराही बदलली तरी पालटणारी अक्षर-आकड्यांची खूण, तक्त्यात लिहून ठेवा. दोघांना वेगवेगळं दिसतंय असं झालं की आधी ठसे जुळवायचे. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

पान बदलण्याआधी त्याची प्रत वेबॅक मशीन या जुनी पानं साठवणाऱ्या संकेतस्थळावर जतन करून टाका. रचणारे गुपचूप एखादं अक्षर बदलतात, आणि कालचं पान कसं होतं यावर मग सगळ्यांच्या स्मरणशक्तीची परीक्षा सुरू होते.

एक उदाहरण, संथपणे

समजावण्यासाठी मीच एक कोडं रचते. पानावर एका जुन्या दाराचं चित्र आहे, खाली दीड मिनिटाची ध्वनिफीत आहे आणि उत्तर लिहायला एक चौकट. बाकी शब्दही नाही.

ध्वनिफितीत लांब-आखूड पिंपिं ऐकू येतं. आता गटात लगेच दोन आवाज उठतील: ‘मोर्स आहे’ (तारायंत्राची लांब-आखूड आवाजांची लिपी), आणि ‘इतकं सोपं नसणार’. दोघांनाही थांबवा. आधी नुसतं मोजा. किती आवाज, किती गट, प्रत्येक गटात किती. मोजणारे दोघे हवेत, एकमेकांचं न बघता. मोजल्यावर दिसतं की एकूण वीस गट आहेत आणि प्रत्येकात बरोबर पाच आवाज. या एका निरीक्षणाने अर्धं काम झालं. मोर्समध्ये अक्षरांची लांबी कमीजास्त असते, पण आकडे सगळे पाच चिन्हांचे. म्हणजे हे वीस आकडे आहेत. उतरवून घेतल्यावर निघतं:

१२१५१५११०२०५०८०९१४०४

कुणी म्हणेल फोन नंबर, कुणी म्हणेल तारखा, कारण सुरुवातीला १२ आणि १५ आहे. प्रत्येक अंदाज तक्त्यात लिहा, पण सोबत हेही लिहा की तो खरा असेल तर आणखी काय दिसायला हवं. फोन नंबराला वीस आकडे जास्त झाले. तारखा असतील तर महिन्याच्या जागी १५ कसा येतो? मग कुणीतरी बघतं की दोन-दोनाच्या जोड्या केल्या तर २, ५, ८, ९, ४ यांच्या आधी शून्य आहे. लिहिणाऱ्याला प्रत्येक आकडा दोन घरांत बसवायचा होता, त्याशिवाय तो शून्य लावायचा नाही. आणि सगळ्यात मोठी जोडी १५ आहे, २६च्या वर एकही नाही. इंग्रजी अक्षरं क्रमाने घातली की एल, ओ, ओ, के, बी, ई, एच, आय, एन, डी. लुक बिहाइंड. मागे बघ.

कशाच्या मागे? पानावर दार सोडून काहीच नाही. दाराच्या मागे म्हणजे एकतर पानाचा सोर्स कोड, म्हणजे पान ज्यावरून बनतं तो मजकूर, नाहीतर चित्राच्या फाइलच्या शेवटाच्या मागे. सोर्स कोड एकाने पाहावा, फाइल दुसऱ्याने. जेपेग फाइल ‘एफएफ डी९’ या दोन बाइटांवर संपते, त्यानंतर काही असायला नको. हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे बाइट दाखवणाऱ्या साधनात, तिथून पुढे ‘५०४बी’ दिसलं की समजायचं, मागे झिप फाइल चिकटवलेली आहे. एक सावधगिरी: जेपेगच्या आत छोटी लघुप्रतिमा असली तर तिचाही स्वतःचा ‘एफएफ डी९’ असतो, तेव्हा पहिला दिसला की शेवट आला असं धरू नका.

झिपमध्ये एकाच वाक्याची चिठ्ठी निघते:

‘तुला माहीन आहेच, सकाल झाली की मी खिडकी उगडी ठेवते आणि दाल लावून घेते.’

इथे माझ्यासारखीचे डोळे चमकतात. चार शब्द चुकलेत. गटातला कुणीतरी हमखास म्हणणार, ‘टायपिंगची चूक असेल, सोडा ना’. कूटखेळात टायपिंगची चूक आढळली की ती सापडली असं म्हणावं, झाली असं नव्हे, निदान पडताळून होईपर्यंत. दुसरा कुणी चुकीची अक्षरं गोळा करेल: न, ल, ग, ल. यातून काहीच होत नाही, तरी अर्धा दिवस ‘नलगल’ शोधण्यात जाईल. त्याच वेळी तिसऱ्याने जी अक्षरं हवी होती ती गोळा करावीत. माहीतमधला त, सकाळमधला ळ, उघडीतला घ, दारमधला र. तळघर.

‘नलगल’वाल्याने आपली नोंद केली होती म्हणून तिसऱ्याला उरलेली शक्यता लगेच दिसली, हे लक्षात घ्या. एवढ्यासाठीच मी तक्त्यावर हटून बसते.

मजकूर बघून काय ओळखता येतं

सगळं अवघड शास्त्र शिकायची गरज नाही, पण चार-दोन लक्षणं गटातल्या प्रत्येकाला माहीत हवीत. लहान-मोठी इंग्रजी अक्षरं, आकडे, अधूनमधून अधिक चिन्ह किंवा तिरकी रेघ, आणि शेवटी एक-दोन बरोबरची चिन्हं असतील तर तो बेस-६४, म्हणजे कुठलीही माहिती साध्या अक्षरांत लिहायची एक पद्धत, त्याची लांबी बहुधा चारच्या पटीत असते. फक्त ० ते ९ आणि ए ते एफ असेल तर हेक्स, म्हणजे सोळा चिन्हांत लिहिलेले बाइट. पण हेक्सची लांबी बरोबर ३२ किंवा ६४ असेल तर थांबा. तो एमडी५ किंवा एसएचए-२५६ ठसा असू शकतो, आणि ठसा उलगडत नसतो. त्याचा उपयोग उलटा, आपल्या उत्तराचा ठसा काढून जुळतो का ते बघायचं. हेक्समध्ये ‘ई० ए४’ आणि ‘ई० ए५’ पुन्हा पुन्हा येत असेल तर पेढे वाटा, ती यूटीएफ-८ या संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीतली देवनागरी आहे.

इंग्रजी मजकूर अक्षरं बदलून लिहिला असेल तर वारंवारिता, म्हणजे कोणतं अक्षर किती वेळा येतं ते, मोजा. साध्या इंग्रजीत ‘ई’ साधारण १२ ते १३ टक्के येतो. मोजणीची ही रीत नवव्या शतकात अल-किंदी या अरब विद्वानाने लिहून ठेवली आहे आणि अजून चालते. कुठल्यातरी एका अक्षराचा असा सुळका दिसला, तर एकाला एक अक्षर बदललंय. नेहमीची अक्षरंच नेहमीच्या प्रमाणात आहेत पण वाचता येत नाही, तर अक्षरं तीच असून जागा बदलल्या आहेत. सगळी अक्षरं जवळजवळ सारखीच येत असतील तर व्हिजेनेरसारखी किल्लीची पद्धत असावी, ज्यात किल्लीच्या शब्दाप्रमाणे प्रत्येक अक्षर वेगवेगळं सरकतं. याला एक आकडाही आहे: दोन अक्षरं सहज उचलली तर ती सारखी निघण्याची शक्यता इंग्रजी मजकुरात ०.०६७च्या आसपास, आणि अक्षरं अगदीच यदृच्छ असतील तर ०.०३८च्या आसपास. मजकूर चाळीस-पन्नास अक्षरांचाच असेल तर या मोजणीवर फार विसंबू नका.

सायबरशेफ हे ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तवार्ता संस्थेने खुलं केलेलं साधन या सगळ्यासाठी पुरतं. चित्रातली दडलेली माहिती बघायला एक्झिफटूल, ध्वनीला ऑडॅसिटी. साधनांच्या याद्या जमवत बसणारा एक गडी प्रत्येक गटात असतो, त्याला नाराज करू नका, पण त्याच्या यादीवर वेळही घालवू नका.

त्यापेक्षा शब्द शब्द म्हणून वाचा. सिकाडा ३३०१ या कोड्याचा पहिला टप्पा याचा उत्तम नमुना आहे. जानेवारी २०१२मध्ये एक चित्र टाकलं गेलं. ते टेक्स्ट एडिटरमध्ये उघडल्यावर शेवटी रोमन सम्राट टायबेरियस क्लॉडियस सीझर याचं नाव आणि पुढे गिचमिड अक्षरं होती. सीझर म्हणजे अक्षरं सरकवायची, आणि क्लॉडियस चौथा सम्राट, म्हणून चार घरं. त्यातून निघालेल्या पत्त्यावर एका बदकाचं चित्र आणि थट्टा, की इकडे नुसते चकवे आहेत, संदेश बाहेर कसा काढायचा याचा अंदाज तुम्हाला येत नाहीसं दिसतंय. त्या इंग्रजी वाक्यात ‘गेस’ आणि ‘आउट’ हे दोन शब्द होते, आणि आउटगेस हे चित्रात मजकूर लपवायच्या एका प्रणालीचं नाव. ज्यांनी ते वाक्य टोमणा म्हणून वाचलं ते परत फिरले.

त्याच खेळातली आणखी एक गोष्ट उचलण्यासारखी. नक्कल करणारे इतके झाले की रचणाऱ्यांनी प्रत्येक खरा संदेश पीजीपी सहीने, म्हणजे दुसऱ्याला नक्कल न करता येणाऱ्या डिजिटल सहीने, पाठवायला सुरुवात केली. सही जुळली नाही तर बघायचंही नाही. तुमच्या खेळात अशी सही नसली तरी प्रत्येक नव्या सुगाव्यापुढे ‘हा कुठून आला’ हे लिहाच. खेळाच्या पानावरून आलेला आणि कुणातरी अनोळखी खात्याने खासगीत पाठवलेला, यांचं वजन सारखं धरू नये.

अर्थ लागला म्हणजे सुटलं असं नाही

अमेरिकेत सीआयएच्या मुख्यालयाच्या आवारात १९९०पासून क्रिप्टोस नावाचं शिल्प आहे, जिम सॅनबॉर्न यांचं. त्यावर चार कूटलेख कोरलेत. पहिले तीन उलगडल्याचं १९९९मध्ये सर्वांना कळलं. दुसऱ्याच्या शेवटी ‘आयडी बाय रोज’ असे शब्द निघत होते, ‘ओळींवरून ओळख’ असा काहीतरी अर्थ लागत होता, आणि वर्षानुवर्षं सगळे तेच धरून चालले. २००६ साली सॅनबॉर्न यांनीच सांगितलं की कोरताना त्यांच्याकडून एक अक्षर गळलं होतं, खरा शेवट ‘लेयर टू’, म्हणजे दुसरा थर, असा आहे. एक अक्षर गळूनही वाचता येईल असं इंग्रजी निघालं, म्हणून कुणाला शंकाच आली नाही. मुद्रितशोधकाची झोप उडवणारी गोष्ट आहे ही. शिवाय पहिल्या आणि तिसऱ्या लेखात त्यांनी स्पेलिंग मुद्दाम चुकवून ठेवली आहेत, म्हणजे एकाच शिल्पावर मुद्दाम केलेली चूक आणि खरीखुरी चूक शेजारी नांदतायत.

म्हणून उत्तर पक्कं मानण्याआधी तीन प्रश्न विचारते. दिलेलं सगळं वापरलं गेलं का, की काही उरलं? तीच रीत दुसऱ्या तुकड्याला लावली तर तिथेही चालते का? आणि ज्याने हे काढलं नाही अशा माणसाला फक्त रीत सांगितली, तर तो त्याच उत्तरावर येतो का? तिसरा प्रश्न सगळ्यात कडक. ‘मग इथे एक अक्षर सोडायचं, इथे दोन उड्या मारायच्या’ असं सांगावं लागलं की समजावं, उत्तर आधी ठरवलं होतं आणि रीत मागून शिवली आहे.

नमुने दिसायला लागले की माणूस थांबत नाही, आणि गट तर एकमेकांना चढवतो. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर क्लाउडमेकर्समधल्या काहींनी तोही आपण सोडवू म्हणून धागे जोडायला सुरुवात केली होती. तो खेळ नाही, हे गटाच्या नियंत्रकांना सांगावं लागलं. कोड्यात प्रत्येक चिन्ह कुणीतरी तुमच्यासाठी ठेवलेलं असतं, जगात नसतं. म्हणून माझ्या गटात नियम कडक आहे: खऱ्या माणसाचं नाव, घर, फोन, नातेवाईक यांपर्यंत सुगावा पोचतोय असं वाटलं की तिथेच हात काढायचा आणि नियंत्रकाला सांगायचं. २००४च्या ‘आय लव्ह बीज’मध्ये खेळाडूंनी खरोखर रस्त्यावरचे सार्वजनिक फोन जाऊन उचलले, पण ती ठिकाणं आणि वेळा खेळानेच दिल्या होत्या. आपण हुडकून काढलेल्या पत्त्यावर जाऊन दार वाजवणं ही निराळी गोष्ट.

सगळी कुलपं फोडायची का?

एखादं उत्तर चार आकडी असलं की कुणीतरी म्हणतं, दहा हजारच शक्यता आहेत, प्रोग्राम लावू. खेळाच्या सर्व्हरवर असा मारा करू नका. बहुतेक खेळांत तो नियमाविरुद्ध असतो, आणि सर्व्हर झोपला तर सगळ्यांचाच खेळ थांबतो. आपल्या संगणकावरची झिप फाइल फोडणं वेगळं, तिथे कुणाला त्रास नाही. तरी माझी नापसंती असते. २०१२मध्ये फेझ या व्हिडिओ गेममधल्या काळ्या शिळेचं कोडं लोकांनी शक्यता वाटून घेऊन, एकेक बटणक्रम दाबून बघत फोडलं. उत्तर मिळालं, पण ते कुठल्या वाटेने यायला हवं होतं ते कळलं नाही. पुढच्या कोड्याला तीच वाट लागणार असेल, तर असं उत्तर हातात असून नसल्यासारखं.

उलट, जोडकोड्यांत, म्हणजे छोट्या कोड्यांच्या उत्तरांच्या अक्षरांवरून एक मोठं उत्तर बनतं तिथे, मागून येणं मला पूर्ण मान्य आहे. सहांपैकी पाच उत्तरं मिळाली आणि त्यांच्यावरून बनणारं मोठं उत्तर ओळखता आलं, तर सहाव्या उत्तराचं अक्षर काय हवं ते कळतंच. तक्त्यात ‘मागून काढलं’ असं लिहा म्हणजे झालं.

माणसं

कोड्यापेक्षा हे अवघड. मोठ्या आवाजाचा एक गडी असतो, त्याच्या अंदाजामागे सगळे धावतात. त्याला थांबवू नका, त्याच्या अंदाजाला दोन माणसं आणि एक मुदत द्या. रात्रीपर्यंत काही हाती लागलं नाही तर ‘तूर्त बाजूला’. बाकीचे आपापल्या वाटेने जातात.

नव्याने आलेल्याला ‘वर वाचा’ म्हणून हाकलू नका. त्याने काहीही वाचायच्या आत त्याला मूळ चित्र दाखवा आणि काय दिसतं ते लिहायला सांगा. आपण सगळे ज्याला घड्याळ म्हणतोय त्याला तो कंपास म्हणेल. ती कोरी नजर एकदाच मिळते, तक्ता वाचल्यावर गेली.

आणि श्रेय लिहा. ‘कोणी’ हा रकाना केवळ नंतर विचारायला सोपं जावं म्हणून नाही. ज्याचे सगळे प्रयत्न ‘काही नाही’मध्ये गेले त्याचंही नाव तिथे येतं, आणि दुसऱ्या दिवशी तो परत येतो.

पार अडलात तर

नवीन काही शोधू नका, जुनं पुन्हा मोजा. मोर्सचा एक आवाज चुकीचा उतरवलेला, शून्याऐवजी ओ वाचलेला, ओळ तुटलेल्या जागी गळालेलं अक्षर: यातलं काहीतरी निघतंच. मूळ फाइल पुन्हा उतरवून ठसा जुळवा. मग ‘तूर्त बाजूला’च्या ओळी वाटून द्या, पण ज्याची ओळ त्याला देऊ नका. त्यानंतरही काही नाही तर खेळात इशारा मागायची सोय असेल तर मागा. यात कमीपणा काही नाही, कोड्याची चाचणी घेणाऱ्यांनाही इशारे लागलेले असतात.

सुटल्यावर तक्ता बंद करू नका. कुणीतरी बसून उलगडा लिहून काढावा, कोड्यागणिक, आणि चकवेही गाळू नयेत. माझी पद्धत अशी की उलगडा लिहिणारा ते कोडं सोडवणाऱ्यांपैकी नसावा. त्याला एखादी पायरी कळली नाही तर ती तक्त्यात नीट उतरलेली नाही. मग ज्याने सोडवलं त्याला गाठून ती पायरी भरून घ्यायची, लवकर, कारण आठवड्याभरात त्यालाही आठवत नाही की त्या वेळी हे सुचलं कसं.